युद्धाआधीची चारदारी गाडी घेताना

फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांनी सामान्य ग्राहकांसाठी गाड्या बनवणं थांबवलं आणि ते युद्धसामग्रीच्या कामाला लागले. त्याआधी तयार झालेल्या गाड्यांना तिकडे ‘प्रीवॉर’ म्हणतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या, घराला गॅरेज असलेल्या आणि पाना हातात धरायची हौस असलेल्या मराठी मंडळींनी हा लेख वाचावा. अशी गाडी परवडते, आणि रविवारी सकाळी ती बाहेर काढून चाळीसपन्नास मैलांचा फेरफटका मारून परतही येता येतं. मात्र त्यासाठी कोणती गाडी घ्यायची आणि कोणती सोडून द्यायची, हे घराबाहेर पडण्यापूर्वी ठरलेलं हवं.

पहिला निर्णय दारांचा. जुन्या गाड्यांच्या बाजारात उघड्या टपाच्या आणि दोन दारांच्या कूप गाड्यांना मोठी मागणी असते. हॉट रॉड (जोरदार इंजिन बसवलेल्या जुन्या गाड्या) बनवणारेही त्यांच्याच मागे असतात. चार दारांची साधी सेडान, म्हणजे त्या काळी शिक्षक, दुकानदार, शेतकरी यांनी घरासाठी घेतलेली गाडी, मागे पडते. त्याच कंपनीची, त्याच वर्षाची, तेच इंजिन असलेली सेडान कूपपेक्षा बरीच स्वस्त मिळते. शिवाय तिच्यात जोरदार इंजिन बसवण्याचे प्रयोग कमी झालेले असतात, त्यामुळे ती मूळ रूपात सापडण्याची शक्यता जास्त. १९३० च्या दशकातली, प्रदर्शनात बक्षीस मिळवणारी नसली तरी रस्त्यावर नीट चालणारी सर्वसाधारण कंपनीची चारदारी बहुधा दहा ते अठरा हजार डॉलरच्या आसपास मिळते. पुढेमागे विकताना फार नफा होणार नाही, हे मात्र आधीच मान्य करून टाकावं.

दुसरा निर्णय तुमच्या घराभोवतालच्या रस्त्यांवरून करायचा. या गाड्यांचे गिअर त्या काळच्या रस्त्यांसाठी ठरवलेले आहेत. डिफरन्शियलचं गुणोत्तर अनेकदा चारला एकच्या आसपास असतं. ताशी ४५ ते ५० मैलांवर गाडी खुशीत असते, ६० च्या पुढे इंजिनला उगाच पळवल्यासारखं होतं. इंटरस्टेटवर जिथे सगळे सत्तरच्या पुढे जातात, तिथे या गाडीचं काही काम नाही, आणि प्रश्न फक्त तिच्या वेगाचा नसून तिचे ब्रेकही त्या गर्दीसाठी बनलेले नाहीत. तुमच्या घरापासून इंटरस्टेट न पकडता गावाबाहेर पडता येतं का, हे नकाशावर पाहा. येत नसेल, तर ही गाडी गॅरेजमध्येच पडून राहील.

आता कोणती गाडी? या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण निम्मं यश इथेच ठरतं.

बहुतेकांच्या मनात आधी फोर्डची मॉडेल ए येते, आणि ते स्वाभाविक आहे. १९२७ च्या शेवटापासून १९३१ पर्यंत ४८ लाखांहून अधिक बनल्या, त्यामुळे तिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग आजही नवा बनवून विकला जातो. यंत्रणा इतकी साधी की पेट्रोलचा पंपच नाही. टाकी काचेपुढे, उंचावर आणि पेट्रोल स्वतःच्या वजनानं कार्बोरेटरमध्ये उतरतं. पण इंजिन ४० अश्वशक्तीचं, ब्रेक सळ्यांनी ओढले जाणारे, गिअर डबल क्लच मारून घ्यावे लागणारे. शिकायला उत्तम गाडी. पण घरच्या चौघांना बसवून टेकडी चढायची असेल, मागे अधीर झालेली पिकअप व्हॅन असेल, तर तिच्या मर्यादा पहिल्याच वळणावर कळतात. चाळीस-पंचेचाळीसच्या वर तिला नेऊ नये.

माझं मत विचाराल तर नव्यानं या छंदात येणाऱ्यानं १९३५ ते १९४१ मधली प्लिमथ किंवा तिची थोरली बहीण डॉज पाहावी; दोन्ही क्रायस्लर कंपनीच्या. प्लिमथ १९२८ मध्ये बाजारात आली ती चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक घेऊनच. स्वस्त गाड्यांमध्ये हे तेव्हा दुर्मीळ होतं. शेव्रोलेनं ते १९३६ मध्ये दिले, फोर्डनं तर थेट १९३९ मध्ये. म्हणून फोर्डची व्ही-एट कितीही देखणी असली तरी १९३९ च्या आधीची घेताना सळ्यांचे किंवा तारांचे ब्रेक तुम्हाला चालणार आहेत का, ते स्वतःला विचारा. तिच्या इंजिनाची आणखी एक खोड अशी की धुराचे मार्ग ब्लॉकमधूनच फिरवलेले असल्यानं उष्णता पाण्यात उतरते आणि रेडिएटर जराही तुंबला की गाडी तापते. ब्लॉकला तडेही जातात.

प्लिमथचं सहा सिलिंडरचं इंजिन २०१ घनइंचांचं, १९३५ ते १९३९ या काळात साधारण ८२ अश्वशक्तीचं. व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्येच, त्यामुळे हेड म्हणजे वरचं साधं झाकण. ऑईल दाबानं सगळ्या मुख्य बेअरिंगपर्यंत पोचवलं जातं आणि बेअरिंगचे शेल बदलता येतात. हेच इंजिन मोठं करत करत कंपनीनं प्लिमथमध्ये १९५९ पर्यंत वापरलं. इतकी वर्षं चाललेल्या इंजिनाचे भाग आजही मिळतात, हे वेगळं सांगायला नको. या घराण्याचा मुंबईशीही संबंध आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डिसोटो गाड्या जोडायला सुरुवात केली. त्यांच्या बॉनेटखाली याच बांधणीचं सहा सिलिंडरचं इंजिन असे. घरातल्या कुणा वडीलधाऱ्यांनी त्या गाड्यांवर काम केलं असेल, तर त्यांना फोन करून विचारा. त्यांच्या आठवणी तुम्हाला उपयोगी पडतील.

शेव्रोले घ्यायची तर १९३७ किंवा त्यानंतरची घ्या. त्या वर्षी इंजिन नवं आलं, ८५ अश्वशक्तीचं, आणि बॉडी पूर्ण पोलादी झाली. त्याआधीच्या बॉडीत पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा असतो. वरून रंग चकाकतो, आत लाकूड कुजलेलं असतं. दार उघडून खालून हलकेच उचललं आणि ते बिजागरीपाशी खाली-वर झालं, किंवा बंद करताना खाच चुकू लागली, तर लाकूड गेलं असं समजा. ते काम सुताराचं, पत्रा सोडवून करायचं, आणि सगळ्यांत महाग. या शेव्रोलेच्या ऑईलच्या काट्यानं घाबरू नका. तिथे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या पळीनं ऑईल उडवलं जातं, त्यामुळे काटा पंधरा पौंडांच्या आसपासच राहतो. तेवढा दाब तिला योग्य. मात्र तिला सतत साठच्या वर पळवणाऱ्या मालकाकडून ती घेऊ नये. आणि १९३४ ते १९३८ मधल्या ज्या मॉडेलांना पुढे ‘नी ॲक्शन’ सस्पेन्शन आहे, त्यांच्या सस्पेन्शनच्या ऑईल भरलेल्या डब्यांतून गळती होते का ते पाहा.

स्टुडबेकरची चॅम्पियन मला मनापासून आवडते. १९३९ मध्ये आलेली ही गाडी वजनाला हलकी, सव्वाअकराशे किलोच्याही आत. इंजिन १६४ घनइंचांचं, ७८ अश्वशक्तीचं. ओव्हरड्राइव्ह पर्याय म्हणून मिळे, आणि तो असलेली गाडी मिळाली तर इंजिनाचे फेरे कमी ठेवून निवांत पन्नास-पंचावन्ननं जाता येतं. बॉडीचे काही भाग शोधावे लागतात, तेवढी तयारी ठेवा. हडसन आणि टेराप्लेनही चांगल्या गाड्या, पण त्यांचा क्लच ऑईलमध्ये बुडालेला, बुचाच्या गोट्या बसवलेला असतो. त्याला विशिष्ट ऑईल लागतं. पहिली गाडी म्हणून नको. ब्यूक आणि पॅकार्ड दोन्ही सुंदर, बहुतेक आठ सिलिंडरांच्या, आणि दुरुस्तीचा प्रत्येक आकडा त्याच प्रमाणात मोठा.

शोध कुठे घ्यायचा? लिलावाच्या मंडपात नको, कारण तिथे गाडी चालवून बघता येत नाही. झगमगीत दुकानातही नको. तिथला विक्रेता ती गाडी दुसऱ्यासाठी विकत असतो, तिचा इतिहास त्याला ठाऊक नसतो. अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका ही १९३५ पासूनची संस्था. तिचं ऑक्टोबरमधलं संमेलन पेन्सिल्व्हानियातल्या हर्शी इथे भरतं, सुट्या भागांचे स्टॉल आणि विक्रीच्या गाड्या मैलोन्‌मैल पसरलेल्या असतात. खरेदी नाही केली तरी एकदा तिथे पूर्ण दिवस फिरा. मॉडेल ए, प्लिमथ, शेव्रोले, प्रत्येकाचे स्वतंत्र क्लब आहेत. सभासद व्हा आणि त्यांच्या बातमीपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचा. ‘हेमिंग्ज मोटर न्यूज’ हे १९५४ पासूनचं मासिकही जाहिरातींसाठी पाहावं. सर्वांत चांगल्या गाड्या अशा जाहिरातींतूनच येतात: वीस-तीस वर्षं एकाच माणसानं सांभाळलेल्या, दरवर्षी क्लबच्या सहलीला नेलेल्या, आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून विकायला काढलेल्या. असा मालक भेटला तर गाडीबरोबर त्याचं बिलांचं बाड, मॅन्युअल आणि गॅरेजमधले सुटे भागही मागून घ्या. आणि त्याला मुक्त बोलू द्या. ती गाडी कुठल्या चढावर कुरकुरते हे त्याला पाठ असतं.

अर्धवट सोडवलेली, पेट्यांत भरलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. बॉडी, क्रोम आणि आतली कापडी सजावट या तीन कामांत पैसा पाण्यासारखा जातो. चांगल्या गाडीला पाच हजार जास्त मोजणं हेच शेवटी स्वस्त पडतं. रंग जुनाट, सीट फाटलेली, पण गेल्याच आठवड्यात चाललेली गाडी ही चकचकीत पण तीन वर्षं न हललेल्या गाडीपेक्षा केव्हाही बरी.

बघायला जाताना मालकाला आधीच सांगा, की इंजिन गरम करून ठेवू नका. गाडी थंड असतानाच तिचा खरा स्वभाव दिसतो. हात लावून बॉनेट गार आहे ना ते पाहा. मग चोक ओढून सुरू करायला सांगा आणि मागे उभे राहा. सुरुवातीचा थोडा निळसर धूर चालेल. तो थांबत नसेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेलेत. इंजिन गरम झाल्यावरही पांढरी वाफ येत राहिली आणि रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग असला, तर हेड गॅस्केट किंवा त्याहून वाईट काही असेल. सोबत व्हॅक्यूम गेज न्या. वीस-तीस डॉलरचं हे साधन तुम्हाला मालकाच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगेल. इंजिन मंद गतीवर असताना काटा समुद्रसपाटीजवळच्या गावात १७ ते २१ इंचांच्या मध्ये स्थिर राहायला हवा. नियमित झटके देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. कंप्रेशनचे आकडे आधुनिक गाडीसारखे मोठे नसतात, शंभर पौंडांच्या आसपास असले तरी उत्तम. महत्त्वाचं हे की सहाही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ असावेत.

प्लिमथ-डॉजच्या बाबतीत एक गोष्ट जरूर विचारा: वॉटर डिस्ट्रिब्यूशन ट्यूब कधी बदलली? ब्लॉकच्या आत पुढून मागे जाणारी ही पत्र्याची लांब नळी प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी थंड पाणी पोचवते. ती गंजून फाटली की पाणी पुढेच संपतं, मागचे सिलिंडर भाजत राहतात, आणि काट्यावर मात्र तापमान ठीक दिसतं. ती काढायला रेडिएटर आणि पाण्याचा पंप उतरवावा लागतो, कधीकधी ती तुकड्यातुकड्यांनी ओढावी लागते. मालकाला या नळीचं नावच ठाऊक नसेल तर ती बदललेली नाही, आणि तेवढी रक्कम भावातून उतरवून मागा.

पत्र्यासाठी खिशात चुंबक ठेवा, रंगाला ओरखडा येऊ नये म्हणून कापडात गुंडाळून. मडगार्डचे काठ, दारांचे तळ, पायपट्टीच्या वरचा भाग, डिकीचा तळ इथे ते फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे खाली लांबी भरलेली आहे. मग गाडीखाली आडवे व्हा. चॅसिसच्या पोलादाला खिळ्यानं खरवडा. वरवरचा तांबूस गंज चालतो, पापुद्रे सुटणारा गंज चालत नाही. टायरच्या खाचांची खोली पाहून समाधान मानू नका. बाजूला डॉट या अक्षरांपुढे छापलेल्या अंकांतले शेवटचे चार पाहा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दहा वर्षांपेक्षा जुने टायर म्हणजे नवा संच घ्यायचा, असं धरून चाला. कापडाच्या आवरणाच्या मूळ वायरी बोटानं वाकवल्यावर आवरण चुरा होऊन गळत असेल, तर संपूर्ण वायरिंग बदलावं लागेल. हा आगीचा धोका आहे, टाळाटाळ करू नका.

चालवून बघताना पहिला गिअर पूर्ण थांबल्यावरच टाका, कारण बहुतेकांत पहिल्याला सिंक्रो नसतो. मोकळ्या रस्त्यावर चाळीसनं जाताना स्टिअरिंगवरची पकड हलकी करा. गाडी थोडी भटकेल, पण सतत एकाच बाजूला ओढत असेल तर ब्रेक किंवा पुढचा एक्सेल दोषी. ब्रेक जोरात दाबून पाहा, मागे कुणी नसताना. पेडल स्पंजासारखं बसत जाऊ नये. हायड्रॉलिक ब्रेकच्या या गाड्यांना मास्टर सिलिंडर एकच असतो. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून हँडब्रेक खरोखर धरतो का, हे उतारावर तपासणं मी कधीच सोडत नाही. क्रायस्लरच्या गाड्यांत तो चाकांवर नसतो, गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर असतो, त्यामुळे मागच्या ड्रमकडे पाहून त्याचा अंदाज येत नाही.

कागदपत्रांत घाई करू नका. त्या काळात अनेक राज्यांनी टायटलवर चॅसिसचा नंबर न लिहिता इंजिनचा नंबर लिहिला. पुढे कुणी इंजिन बदललं आणि टायटल तसंच राहिलं, तर तुमच्या राज्यात नोंदणीच्या वेळी अडकाल. पैसे देण्यापूर्वी कागदावरचा आकडा आणि धातूवरचा आकडा स्वतः ताडून पाहा, फोटो काढा. न्यूयॉर्कमध्ये १९७२ आणि त्याआधीच्या मॉडेलांना टायटल नसतंच, तिथे हस्तांतरणाची नोंद असलेलं रजिस्ट्रेशन चालतं. त्यामुळे तिथला मालक टायटल देत नाही म्हणून लगेच संशय घेऊ नका. विमा नेहमीचा घेऊ नका. जुन्या गाड्यांसाठी ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ प्रकारची पॉलिसी मिळते, किंमत आधीच ठरलेली आणि हप्ता कमी, पण अट अशी की गाडी बंद गॅरेजमध्ये ठेवावी आणि रोजच्या कामाला घरात दुसरी गाडी असावी. ऐतिहासिक नंबरपाटीचे नियम राज्याराज्यांत वेगळे असतात, काही ठिकाणी वापरावर बंधनंही असतात. ते आधी वाचून घ्या.

हेच निकष भारतात, मुंबई-पुण्याकडे, जुनी अमेरिकन गाडी घेणाऱ्यांनाही उपयोगी पडतील. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत जोडणी कारखाना सुरू केला होता, त्यामुळे अशा काही गाड्या आपल्याकडे मुळापासून उजव्या स्टिअरिंगच्या आहेत. २०२१ पासून केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नोंदणी क्रमांक मिळतो. पण त्या रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नाहीत.

गाडी ठरली की ती चालवत घरी आणायचा मोह टाळा. ट्रकवर घालून आणा. पहिल्या महिन्यात तिच्यावर एवढंच काम करा: सगळे ब्रेक सिलिंडर, रबरी नळ्या आणि ब्रेक ऑईल नवं. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा नव्या प्रकारचा, कारण आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर खाऊन टाकतं. टाकीतला गाळ काढणं, आणि टाकीनंतर एक पारदर्शक फिल्टर. इंजिन कधीच उघडलेलं नसेल तर ऑईलचा चेंबर उतरवून आतला चिखल आधी साफ करा, मगच आधुनिक ऑईल घाला. नाहीतर ते साठलेला मळ सोडवून ऑईलच्या वाटा बंद करतं.

सहा व्होल्टच्या व्यवस्थेला लोक उगाच नावं ठेवतात. इंजिन हळू फिरून गाडी सुरू होत नसेल तर बॅटरीला दोष देण्याआधी केबल पाहा. कुणीतरी बारा व्होल्टच्या गाडीच्या बारीक केबल बसवलेल्या असतात. जाड केबल आणि घासून स्वच्छ केलेली अर्थ जोडणी एवढ्यानं बरीच गाऱ्हाणी संपतात. शेव्रोलेत निगेटिव्ह अर्थ असतो, फोर्ड आणि प्लिमथमध्ये पॉझिटिव्ह. शेजाऱ्याच्या बारा व्होल्टच्या गाडीवरून जंप देऊ नका. प्लिमथचं डावीकडचं चाक काढताना बोल्ट उलट्या आट्यांचे असतात, हे विसरून जोर लावला तर बोल्ट तुटेल. मागचा ड्रम ओढायला विशिष्ट पुलर लागतो, तो क्लबमधल्या कुणाकडून उसना घ्या, हातोड्यानं ठोकू नका.

सुरक्षेत काटकसर नको. एकुलता बारीक मागचा दिवा मागून येणाऱ्याला दिसत नाही. दोन्ही बाजूंना लाल दिवे, इंडिकेटर आणि कमरेचे पट्टे बसवा. पट्टे चॅसिसला किंवा मजबूत पोलादाला अडकवलेले हवेत, लाकडी तळाला नकोत. स्टिअरिंगचा खांब आजच्यासारखा आघातात दबणारा नसतो, आणि मुलांची आजची आसनं या सीटांवर नीट बसत नाहीत. लहान मुलांना घेऊन रहदारीत जाऊ नका. मोठी माणसं पुढे-मागे बसवा, वळणं सावकाश घ्या, पुढच्या गाडीपासून तुमच्या रोजच्या अंतराच्या तिप्पट अंतर ठेवा. आरसे दोन्ही बाजूंना लावा, आणि मागे गाड्या साठल्या की रस्त्याच्या कडेला थांबून त्यांना पुढे जाऊ द्या.